पावसाळ्यात अडकलेलं वजन: मालवण तालुक्यातल्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

घरात माणसं चार. वजन उतरवणाऱ्या काकींचं वय ४६, उंची १५६ सें.मी. जानेवारी २०२५ मध्ये वजन ७८.४ किलो होतं, मे संपताना ७०.६. आहार दिवसाला १,५०० कॅलरींचा आखलेला. जूनमध्ये काटा हलेना. तो पुन्हा हलवण्यासाठी काय काय केलं, त्यातलं काय फसलं आणि काय टिकलं, ते पुढे तारखेनुसार आहे. कोकणातल्या पावसाळ्यात वजन अडकलं असेल तर जसंच्या तसं वापरता येईल. आकडे मात्र आपल्या घरचे घाला.

१५ जून, रविवार

आठवड्याची सरासरी ७०.७. पोटाचा घेर ९४ सें.मी. (शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, शिंप्याच्या टेपने).

एका दिवसाच्या आकड्यावर काही ठरवायचं नाही, एवढा नियम आजपासून. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये वजन. सात आकड्यांची बेरीज भागिले सात. सरासरी सलग तीन-चार आठवडे जागची हलली नाही आणि टेपही तिथेच राहिली, तरच वजन अडकलं म्हणायचं. फक्त आठवडाभर थांबलं असेल तर आहाराला हात लावू नये.

पाळी सुरू असलेल्या बाईच्या वजनात पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी सहज चढतं. म्हणून या महिन्यातला आठवडा मागच्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघायचा. पाळी पुढेमागे होत असेल तर टेपवर जास्त भिस्त ठेवावी.

१८ जून

तालुक्याच्या लॅबमध्ये टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी). दोन्ही ठीक. थायरॉइडवर खापर फोडण्याआधी ही तपासणी करून घेतली की घरातली निम्मी चर्चा मिटते.

रक्तदाबासाठी अम्लोडिपिन चालू आहे. या गोळीने काहींच्या घोट्यांना सूज येते, म्हणजे पाणी साचतं. घोट्यावर अंगठा दाबून पाहिला, खड्डा राहिला नाही. सूज असती तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नव्हती, डॉक्टरांना सांगायचं होतं. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खाणं कमी करण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, नाहीतर साखर एकदम खाली जाते.

२२ जून, रविवार

सरासरी ७०.९. वाढ खरी की काट्याची, हे तपासलं. पाच किलोची तांदळाची सीलबंद पिशवी काट्यावर ठेवली: एकदा ५.१, एकदा ५.६. काटा पडवीतल्या उंचसखल जमिनीवर होता आणि त्याचा एक पाय अधांतरी होता. बॅटरीच्या पत्र्यावर हिरवट थरही जमलेला. या दमट हवेत तो दर पावसाळ्यात जमतो. पत्रा सँडपेपरने घासला, नवी बॅटरी घातली आणि काटा मधल्या खोलीतल्या शहाबादी फरशीवर कायमचा मांडला. चारही पायांभोवती खडूने खुणा केल्या. आता तीनदा ठेवूनही पिशवी ५.१. नेहमी शंभर ग्रॅम जास्त दाखवतो, पण रोज तेवढंच दाखवत असेल तर चालतं.

वाकड्या काट्याचे आधीचे आठवडे हिशेबात धरलेले नाहीत.

याच आठवड्यात आणखी एक दिसलं. शुक्रवारी रात्री खारवलेला बांगडा आणि लोणचं, शनिवारी सकाळी वजन १.१ किलोने वर. सोमवारी जागेवर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ताजी मासळी कमी, महाग, मग खारी मासळी, पापड, खारातल्या कैऱ्या ताटात रोज. मीठ वाढलं की पाणी साठतं. खारं बंद केलं नाही. बांगडा तासभर पाण्यात भिजवून, पाणी दोनदा बदलून घ्यायचा आणि त्या दिवशी लोणचं-पापड नाही, एवढंच ठरवलं.

२९ जून, रविवार

सरासरी ७०.६. या नोंदीला वेळ द्या, सगळं गाडं इथेच अडलं होतं.

घरातल्या सगळ्यांचा संशय भातावर. पण भात हीच एक गोष्ट जानेवारीपासून नीट मोजली जात होती. मोजायची रीत अशी: रिकाम्या टोपाचं वजन टोपाच्या बुडाला मार्करने लिहिलेलं (आपला ८२० ग्रॅम). कोरडा उकडा तांदूळ ४०० ग्रॅम घेतला, शिजल्यावर टोपासकट १,९६० भरला. म्हणजे भात १,१४० ग्रॅम. शंभर ग्रॅम भातात ३५ ग्रॅम कोरडा तांदूळ, साधारण १२० कॅलरी. वाटीने मोजण्यात अर्थ नाही. पेजेची वाटी, मोकळ्या भाताची वाटी आणि दाबून भरलेली वाटी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

जे मोजलं जात नव्हतं, ते तेल आणि नारळ. दोन्ही आठवडाभर घराच्या मापाने मोजलं.

तेल: रविवारी सकाळी बाटली आणि पिशवी मिळून वजन, पुढच्या रविवारी पुन्हा. आठवड्यात १,०४० ग्रॅम गेलं. तळणीतून उरलेलं ९० वजा केलं, राहिलं ९५०. चार माणसं, सात दिवस: माणशी रोज ३४ ग्रॅम. आखणीत २० धरलेलं. वरचे १४ ग्रॅम म्हणजे सव्वाशे कॅलरी.

नारळ: आठवड्यात सात फुटले. खोवलेलं खोबरं दर वेळी वजन करून वहीत लिहिलं, एकूण १,७२० ग्रॅम. माणशी रोज ६१. आखणीत ३० धरलेलं. ओल्या खोबऱ्यात शंभर ग्रॅमला सुमारे ३५० कॅलरी, म्हणजे इथे आणखी ११०. सोलकढीचा चोथा टाकला जातो, त्यात थोडी चरबी जाते; पण ती घरी मोजता येत नाही, म्हणून खोबरं पूर्ण धरलं. हिशेब चुकायचाच असेल तर जास्तीच्या बाजूने चुकलेला बरा.

चहा: पाऊस लागल्यापासून दोन कप वाढले. साखर-दूध मिळून साठ-सत्तर.

एकूण रोज सुमारे ३०० कॅलरी, आणि त्यातली एकही वहीत नव्हती.

चार माणसांत सरळ भागाकार करणं ढोबळ आहे. कोणी जास्त खातं, कोणी कमी. तरी ताटातल्या चमचाभर तेलाचा अंदाज बांधण्यापेक्षा बाटलीचं वजन कितीतरी भरवशाचं. चमच्याने तेल घालणारं स्वयंपाकघर अजून पाहण्यात नाही. सगळे बाटलीनेच धार सोडतात.

३ जुलै

अंग दिवसाला किती कॅलरी खर्च करतं, त्याचा कागदावरचा हिशेब. मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र, बायकांसाठी: (१० × किलो) + (६.२५ × सें.मी.) − (५ × वय) − १६१.

जानेवारीत: ७८४ + ९७५ − २३० − १६१ = १,३६८. आता ७०६ + ९७५ − २३० − १६१ = १,२९०. हे नुसतं पडून राहण्याचं. घरकाम आणि चालणं धरून दीडपट केलं तर २,०५० वरून १,९३५. अंग हलकं झालं तसा खर्च ११५ ने उतरला.

चालणं: एप्रिलमध्ये रोज ७,५०० पावलं, जूनमध्ये ३,०००. पाखाडी (दगडी पायवाट) निसरडी, पऱ्याला (ओढ्याला) पाणी, बाजारात जायचं तर रिक्षा. साडेचार हजार पावलं म्हणजे सुमारे तीन किलोमीटर. त्याचे आणखी शंभर-सव्वाशे गेले. उरले सुमारे १,८१५.

पोटात जात होते १,५०० अधिक ३००. खर्च १,८१५, जमा १,८००. काटा हलणार कुठून?

सूत्राचा आकडा माणसागणिक शे-दोनशेने चुकतो. त्याचा उपयोग एवढाच, की कुठे किती गळतंय ते एका कागदावर दिसतं.

६ जुलै, आषाढी एकादशी

सरासरी ७०.५. उपासाच्या दिवशी जास्त खाल्लं जातं हे घरोघर माहीत आहे, तरी वजन करून बघितलं. खिचडीची एक बशी: साबुदाणा कोरडा ८० ग्रॅम (२८०), दाण्याचं कूट ३० (१७०), बटाटा (६०), तूप १५ (१३०). एकूण ६४०. काकींच्या दोन बशा होतात.

बदली ताट: वऱ्याचे तांदूळ कोरडे ५० ग्रॅम, १५ ग्रॅम दाण्यांची पातळ आमटी, तूप एक चमचा, वर ताक. सुमारे ३००. श्रावणातल्या सोमवारांसाठी हेच ठरवून ठेवलं.

९ ते १३ जुलै: फसलेला प्रयोग

रात्रीचा भात बंद, दिवसाला १,१०० कॅलरी. कारण पाहुण्यांकडून आलेला सल्ला आणि घरातली घाई.

चौथ्या दिवशी वजन ६९.६. घरात आनंद. पण तीन दिवसांत जवळपास किलोभर चरबी जायला सात हजार कॅलरींची तूट लागते. इथे जेमतेम दोन हजारांची होती. गेलं ते पाणी. भात-भाकरी एकदम तोडली की अंगातला साखरेचा साठा रिकामा होतो आणि त्याच्या तिप्पट पाणी सोबत घेऊन जातो. भात परत आला की तेही परत येतं.

पावलं ३,००० वरून २,१०० वर आली, दुपारी झोप वाढली. पाचव्या रात्री डब्यातले तळलेले गरे आणि मूठभर काजू, म्हणजे ६०० कॅलरी उभ्या उभ्या. प्रयोग बंद. २० तारखेची सरासरी ७०.४. दहा दिवस वाया.

रात्रीचा भात (कोरडा ४० ग्रॅम) परत सुरू. जेवणात हात घालायचा तो शेवटी, गळती बुजवून झाल्यावर.

१४ ते २० जुलै: तेल आणि खोबरं

तेल: रविवारी सकाळी ५६० ग्रॅम (२० × ४ × ७) वेगळ्या बाटलीत. फोडणी, भाजी, घावन, तळण, सगळं त्यातूनच. पहिली बाटली गुरुवारी संपली. कारण शोधलं: मासे तळणं. रवा लावलेल्या आठ तुकड्यांना ६० ग्रॅम तेल गेलं. रवा तेल ओढतो आणि तव्यात सुटून जळतो, मग पुन्हा नवं तेल.

रव्याऐवजी तांदळाचं पीठ अगदी पातळ लावलं, बिडाच्या तव्यावर १२ ग्रॅम तेल. पहिल्यांदा मासे चिकटून तुटले. तुकडे ओले होते आणि तवा नीट तापला नव्हता. दुसऱ्यांदा: मसाला लावण्याआधी तुकडे फडक्याने कोरडे टिपले, तवा धूर येईपर्यंत तापवून मग तेल, तुकडा ठेवल्यावर चार मिनिटं हात लावायचा नाही. सुटून आले. आठवड्यात दोनदाच तळण; बाकी दिवस तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, त्याला फोडणीच लागत नाही.

खोबरं: रोज १२० ग्रॅम खोवून वाटीत, चौघांना मिळून. पहिल्या दिवशीचं कालवण पाणचट झालं आणि सासूबाईंचा निकाल लगेच आला, "असला कालवण माका नको गो." दाटपणासाठी बेसन घालून पाहिलं, कच्चट लागलं. जमलं ते असं: वाटपात खोबरं निम्मं, त्यात एक मोठा कांदा विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजून, चमचाभर धणे, आणि अर्धा तास भिजवलेले १० ग्रॅम तांदूळ. मिक्सरमध्ये पाणी थोडं थोडं घालत गंधासारखं वाटायचं. कालवण दाट होतं आणि तांदळाची चव वर येत नाही. तांदूळ १० ग्रॅमच्या वर गेला तर थंड झाल्यावर कालवण गोठतं.

सोलकढी रविवारपुरती. इतर दिवशी कोकमाचं नारळाशिवायचं सार, म्हणजे तिवळ.

खोवून फ्रिजरमध्ये ठेवायचा बेत सोडला. पावसात वीज जाते, खोबऱ्याला वास येतो.

२२ जुलै

प्रथिनं मोजली: रोज ४५ ग्रॅम. वजन उतरवताना किलोमागे १.२ ग्रॅम तरी हवीत, म्हणजे ८५. एवढी उडी झेपणार नाही, म्हणून ७५ ठरवली. (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांनी ठरवायचा.)

बंदीच्या काळात कशातून: अंडी दोन (१२), सुका जवळा २० ग्रॅम (१२), कुळीथ कोरडे ४० (९), दही २०० (६–७), सोया चंक्स ३० (१५), उरलेलं भात, भाकरी आणि डाळीतून. जवळा खरेदी करताना चाखून घ्या. काही ठिकाणी त्यात मीठ फार असतं आणि वाळूही. दोनदा चाळून, कोरडा भाजून, मग धुवायचा. आधी धुतला तर लगदा होतो.

कुळथाची पिठी प्रथिनांची म्हणून गणली जाते, पण एका वाटीत पीठ जेमतेम १५ ग्रॅम असतं. म्हणजे प्रथिनं तीन ग्रॅम. अख्ख्या कुळथाची उसळ केली तरच आकडा हलतो.

बाजारातून आणलेल्या अख्ख्या बांगड्याचं वजन वहीत लिहू नये. डोकं, काटा, पोट जाऊन १५० ग्रॅमच्या बांगड्यात खाण्याजोगं ९० ग्रॅमच्या आसपास उरतं. त्यात प्रथिनं १७.

२७ जुलै, रविवार

सरासरी ७०.२. शुक्रवारपासून श्रावण, मासळी आणि अंडी बंद. जवळा-अंड्यांचे २४ ग्रॅम गेले. त्या जागी ६० ग्रॅम सोया चंक्स (दोन वेळांत विभागून), मुगाची उसळ, ताक. पनीर १०० ग्रॅमला १८ ग्रॅम प्रथिनं देतं खरं, पण कॅलरी तीनशेच्या घरात आणि किंमत चारशे रुपये किलो. आठवड्यातून एकदा.

सोया चंक्स उकळून दोनदा पिळल्याशिवाय उग्र वास जात नाही. भाजलेल्या कांद्याच्या वाटपात घातले तर घरचे खातात, पुलावात घातले की बाजूला काढतात.

चालणं: पडवी नऊ मीटर लांब. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं येरझाऱ्या, दिवसाला तीनदा. त्याने साधारण २,७०० पावलं मिळतात. फोन टेबलावर राहतो म्हणून आकडा कमी येत होता; गाऊनला खिसा शिवला. पडवी ओली असताना पाय घसरतो, गोणपाट अंथरलं.

मंगळवारपासून व्यायामही, एक दिवसाआड: ४५ सें.मी. उंचीच्या खुर्चीवरून हात न टेकता उठबस १० × ३, भिंतीवर हात टेकून दंड १० × ३, पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन कमरेत वाकून पोटाकडे ओढणं १२ × ३. गुडघा कुरकुरला तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवायची.

३ ऑगस्ट, रविवार

सरासरी ७०.५. वाढली. नव्या व्यायामाने स्नायूंना सूज येते, तिथे पाणी धरलं जातं आणि पहिले एक-दोन आठवडे काटा वर जातो. बहुतेक जण नेमका इथे व्यायाम सोडतात. टेप ९३, म्हणजे एक सेंटिमीटर कमी. बेत बदलला नाही.

१० ऑगस्ट: ७०.१, टेप ९२. १७ ऑगस्ट: ६९.६. २४ ऑगस्ट: ६९.२. तेल सरासरी माणशी २१ ग्रॅम, खोबरं ३२, पावलं ६,०००. वरचा चहा बिनसाखरेचा.

२७ ऑगस्ट ते २ सप्टेंबर: गणपती-गौरी

हा आठवडा मुद्दाम वजन राखण्याचा ठेवला: १,८०० ते १,८५० कॅलरी. गणपतीत १,५०० चा हट्ट धरला की दोन दिवसांत मोडतो आणि मग वहीच बंद होते.

मोदक मोजून घेतले. २१ मोदकांना तांदळाचं पीठ ४०० ग्रॅम, खोबरं ५००, गूळ ३००, तूप २०. सगळं मिळून साडेचार हजार. एक मोदक २१५ च्या आसपास, वर चमचाभर तूप घेतलं तर २६०. दोन मोदक आणि त्या जेवणातला भात बंद, असा सौदा चालला. पाच मोदकांशी कुठलाच सौदा होत नाही.

३१ ऑगस्टची सरासरी ६९.९. मीठ, गूळ, भात, जागरणं, बरंचसं पाणी. आरत्यांना घरोघर फिरण्याने पावलं मात्र ९,००० वर.

१४ सप्टेंबर, रविवार

सरासरी ६९.०. श्रावण संपल्यापासून ताजी मासळी परत ताटात, सोया चंक्स ३० ग्रॅमवर आले. बांगडा स्वस्त झाला की प्रथिनांचा प्रश्न या किनाऱ्यावर आपोआप सुटतो.

२१ सप्टेंबर, रविवार

सरासरी ६८.७, टेप ९०.५. २० जुलैपासून नऊ आठवड्यांत १.७ किलो, त्यातला एक आठवडा सणाचा. जानेवारी-मेपेक्षा वेग कमी आहे आणि कमीच राहील.

खर्च: स्वयंपाकघराचा एक ग्रॅमचा काटा ३५० रुपये, टेप २०, बॅटरी ६०, लॅब तपासण्या सुमारे ८००. सोया आणि अंड्यांचा वाढीव खर्च, तेल-नारळाच्या बचतीतून बराचसा भरून निघाला. आठवड्याला तीन-चार नारळ कमी फुटतात. रोजचा वेळ मोजामापाला दहा मिनिटं, रविवारी अर्धा तास.

आकडे पुन्हा मांडले: ६८.७ किलोला पडून राहण्याचे १,२७१, दीडपटीने १,९०५. पावलं अजून दीड हजाराने कमी, म्हणून १,८७०. आहार १,५०० वरच ठेवला आहे, भात जेवढा होता तेवढाच. नवरात्राच्या नऊ उपासांसाठी वऱ्याचे तांदूळ दोन किलो आणून ठेवले, साबुदाणा आणलेला नाही. बाटलीचं आणि खोबऱ्याचं मोजमाप पुन्हा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस ओसरल्यावर.